जुन्या गाडीला टर्बो : ऐकीव काय, खरं काय

नागपूरच्या धरमपेठेतल्या जुन्या बंगल्यांच्या पोर्चमध्ये अजूनही मारुती ८००, झेन, एस्टीम उभ्या दिसतात. वडिलांनी घेतलेली गाडी विकवत नाही आणि चालवायला गेलं तर पिकअप नाही. मग घरातला इंजिनिअरिंगचा मुलगा किंवा नुकताच निवृत्त झालेला काका एक दिवस म्हणतो, हिला टर्बो बसवू या. हा छंद मला मनापासून आवडतो. इंजिन कसं श्वास घेतं हे पुस्तकातून जेवढं कळतं, त्याच्या कितीतरी पट ते पाना हातात घेतल्यावर कळतं. पण या विषयावर गॅरेजांत आणि कट्ट्यांवर जे बोललं जातं त्यातलं बरंच अर्धवट असतं, आणि अर्धवट माहितीवर बसवलेला टर्बो नागपूरच्या पहिल्याच उन्हाळ्यात पिस्टन खातो.

सगळ्यांत लाडका समज असा की सायलेन्सरमधून जाणारा धूर तसाही वायाच जातो, त्यावर पंखा फिरवला की ताकद फुकट मिळते. कल्पना जुनी आहे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युशी या अभियंत्याने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. धुराच्या जोरावर टर्बाइन फिरतं, त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला कॉम्प्रेसर असतो आणि तो इंजिनात हवा कोंबतो. छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर, कधी दोन लाखांपर्यंत फेरे घेतो. पण नुसती हवा जळत नाही. हवा वाढली की त्याच प्रमाणात पेट्रोल वाढवावं लागतं, आणि दाबाखाली तर प्रमाणापेक्षाही थोडं जास्त. शिवाय टर्बाइन धुराची वाट अडवतं, त्यामुळे इंजिनाला धूर बाहेर ढकलायलाही कष्ट पडतात. जास्तीची ताकद जास्तीच्या पेट्रोलमधूनच येते. टर्बो फक्त ते पेट्रोल जाळायची सोय करतो.

याच समजाचं धाकटं भावंड म्हणजे बाजारात मिळणारा १२ व्होल्टचा ‘इलेक्ट्रिक टर्बो’. एअर फिल्टरच्या पाइपात बसणारा छोटा पंखा. हिशोब करून बघा. ७९६ सीसीचं इंजिन ५,००० आरपीएमवर मिनिटाला साधारण पावणेदोन हजार लिटर हवा ओढतं. तिच्यावर अर्धा बार दाब चढवायचा तर कॉम्प्रेसरला दोन किलोवॉटच्या वर शक्ती लागते. १२ व्होल्टवर म्हणजे दीडशेहून अधिक अँपिअर. ८००चा अल्टरनेटर त्याच्या निम्मेही देत नाही. असा पंखा बसवून झाली तर हवेची अडवणूकच होते.

आता नागपूरचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. लोक टर्बोचा विचार दाबात करतात, करायला हवा तापमानात. हवा दाबली की तापते. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना अर्धा बार बूस्ट, म्हणजे जास्तीचा दाब, दिला आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा सुमारे १०५ अंशांची होते. तोच टर्बो, तोच बूस्ट, पण डिसेंबरच्या पहाटे बाहेर १२ अंश असतील तर हवा ६६ अंशांच्या आसपास निघते. गरम हवा विरळ असते. म्हणून मे महिन्यात दाब दीडपट झाला तरी सिलिंडरमध्ये जाणारी हवा जेमतेम सव्वापट होते. मध्ये हवा थंड करणारा इंटरकूलर टाकून ती ६५ अंशांपर्यंत उतरवली तर १.४ पटीपर्यंत पोचता येतं. बाहेरच्या हवेपेक्षा थंड करणं मात्र कुठल्याही इंटरकूलरला जमत नाही. युरोपात किंवा जपानमध्ये बसून लिहिलेला एखादा ‘सेफ बूस्ट’चा आकडा धरमपेठेत जसाच्या तसा वापरता येत नाही, त्याचं कारण हेच.

तापलेल्या हवेचं खरं संकट ताकद कमी होण्यात नाही, नॉकिंगमध्ये आहे. स्पार्क पडला की ज्योत प्लगपासून कडेकडे पसरत जाते. कडेचं मिश्रण आधीच तापलेलं असेल तर ज्योत पोचण्याआधीच ते आपोआप पेट घेतं आणि दाबाच्या लाटा पिस्टनवर आदळतात. सौम्य नॉकिंग म्हणजे चढावर ऐकू येणारी ती खटखट. बूस्टमधलं नॉकिंग रिंगांच्या मधल्या कडा मोडतं, गास्केट उडवतं, आणि इंजिन व वाऱ्याच्या आवाजात ते बहुतेकदा ऐकूच येत नाही. नव्या टर्बो गाड्यांत नॉक सेन्सर असतो, तो खटखट ओळखून टायमिंग मागे घेतो. कार्बोरेटरच्या ८००मध्ये तो नाही. तिथे खूण बघावी लागते: पूर्ण थ्रॉटलवर गाडी ओढायची, इंजिन तिथेच बंद करायचं, थंड झाल्यावर प्लग काढून पांढऱ्या चिनीमातीवर भिंगातून बघायचं. मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा चमकणारे बारीक कण दिसले, तर ते कण म्हणजे तुमच्या पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. पुढची फेरी मारायची नाही.

“जुन्या इंजिनाला टर्बो झेपतच नाही” हेही तितकंसं खरं नाही, हे मुद्दाम सांगतो. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८००चं एफ८बी इंजिन ज्या सुझुकी एफ घराण्यातलं, त्याच घराण्यातल्या ५४३ सीसीच्या इंजिनावर सुझुकीने जपानमध्ये १९८७ साली टर्बो बसवून ऑल्टो वर्क्स काढली. ताकद ६४ हॉर्सपॉवर. आपली ७९६ सीसीची ८०० त्या काळी चाळीसच्या आतच होती. जुन्या इंजिनाचं कॉम्प्रेशन कमी असतं, एफ८बीचं ८.७ ला १, आणि कमी कॉम्प्रेशन बूस्टला सोयीचंच. पण ऑल्टो वर्क्समध्ये सुझुकीने चार व्हॉल्व्हचं हेड, फ्युएल इंजेक्शन आणि वेगळं इग्निशन दिलं होतं. टर्बो त्या सगळ्या कामाचा एक भाग होता. पुण्याच्या टाटा मोटर्सचं उदाहरण आणखी जवळचं आहे. इंडिकाचं १४०५ सीसीचं डिझेल इंजिन बिनटर्बोचं सुमारे ५३ हॉर्सपॉवर द्यायचं, टर्बो आणि इंटरकूलरसह तेच सत्तरच्या घरात गेलं. कारखान्याने, सगळी साधनं हाताशी असताना, तिसरा हिस्सा ताकद वाढवली. घरच्या पोर्चमध्ये दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याला हा आकडा ऐकवावा.

इंडिकावरूनच पुढचा घोटाळा होतो. “डिझेलला चालतो, मग पेट्रोलला का नाही?” डिझेल इंजिनात दाबली जाते ती नुसती हवा, इंधन शेवटच्या क्षणी फवारलं जातं, त्यामुळे तिथे हे नॉकिंग नसतं. धुराचं तापमानही वेगळं. डिझेलचा धूर टर्बाइनपाशी साधारण ८०० अंशांपर्यंत जातो, पेट्रोलचा पूर्ण लोडवर साडेनऊशेच्या पुढे. भंगारातून आणलेला डिझेल गाडीचा टर्बो पेट्रोल इंजिनावर बसतो, फिरतो, आणि काही काळाने त्याच्या हाउसिंगला भेगा पडतात. ट्रकचा टर्बो तर आणायचाच नाही. ८००चा धूर त्याला नीट फिरवूच शकत नाही.

आता कार्बोरेटरकडे थोडं जवळून बघू, कारण घरगुती प्रयोग बहुतेक इथेच फसतात. टर्बो कार्बोरेटरच्या आधी बसवला तर दाबलेली हवा कार्बोरेटरमधून जाते. ८००चा मूळ पेट्रोल पंप मेकॅनिकल, डायफ्रामचा. त्याचा दाब पाव बारच्या आसपास. फ्लोट बाउलवर अर्धा बार हवा बसली की पंपातलं पेट्रोल आत शिरतच नाही. बाउलमध्ये आहे तेवढं पेट्रोल काही सेकंद पुरतं, गाडी मस्त ओढते, आणि मग नेमकं पूर्ण लोडवर मिश्रण पातळ होतं. पिस्टनला भोक पडायला तेवढं पुरतं. यावर उपाय आहे. इलेक्ट्रिक पंप, बूस्टच्या जोडीने दाब वाढवणारा रेग्युलेटर, बाउलला बूस्टचा दाब पोचवणारी नळी, आणि मोठी जेट. टर्बो कार्बोरेटरच्या नंतर बसवला तर पंपाचा प्रश्न सुटतो, पण पेट्रोल मिसळलेली हवा टर्बोतून जाते. मग सीलही त्या कामाचं लागतं आणि इंटरकूलर टाकता येत नाही, कारण त्याच्या पोटात पेटणारं मिश्रण भरून ठेवणं जिवावर बेतू शकतं.

नंतरच्या एमपीएफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनच्या, गाड्यांमध्ये हे सोपं होतं असं वाटतं, पण तिथला दाब मोजणारा सेन्सर वातावरणाच्या दाबापलीकडे जवळजवळ काही वाचत नाही. बूस्ट चढला तरी ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, तो दिसत नाही, आणि तो जुन्याच मापाने पेट्रोल देत राहतो. प्रोग्राम करता येणारा ईसीयू, मोठे इंजेक्टर आणि वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर या तीन गोष्टींवर टर्बोपेक्षा जास्त पैसे जातात, आणि ते तसेच जायला हवेत. इग्निशनचंही तेच. डिस्ट्रीब्युटरचं टायमिंग बूस्टमध्ये मागे यायला हवं. ढोबळ ठोकताळा असा की दर पीएसआयला एक अंश, म्हणजे अर्ध्या बारला सात अंश.

यात पेट्रोलही बदललंय. आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचं ऑक्टेन जास्त, ९५ च्या घरात. नॉकिंगच्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे. पण त्याला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला १४.७ पट, याला साडेतेराच्या आसपास. जुन्या जेटवर चाललेली गाडी आधीच थोडी पातळ चालतेय, हे बूस्ट चढवण्याआधी लक्षात घ्यायला हवं. जुने रबरी पाइप आणि डायफ्राम बदलणं तर ओघाने आलंच.

टर्बोतून निळा धूर आला की “टर्बो गेला” म्हणून तो काढून फेकतात. अनेकदा टर्बो ठणठणीत असतो आणि दोष ऑइलच्या परतीच्या पाइपाचा असतो. आत जाणारं ऑइल दाबाने जातं, बाहेर मात्र नुसत्या वजनाने पडतं. म्हणून परतीचा पाइप रुंद, सरळ खाली उतरणारा आणि संपमधल्या ऑइलच्या पातळीच्या वर टेकणारा हवा. त्याला जरा वळसा दिला की ऑइल टर्बोत तुंबतं आणि सीलमधून गळतं. लांबून पळवून आणलेली गाडी दारात येताच बंद करायची सवयही सोडावी लागते. मिनिटभर आयडलवर ठेवली नाही तर तापलेल्या बेअरिंगमध्ये ऑइल जळून त्याचा कोळसा होतो.

गिअर बदलताना येणारा तो ‘फुस्स’ आवाज ताकदीचा नाही. थ्रॉटल मिटल्यावर अडकलेली हवा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बाहेर सोडतो, एवढंच. बूस्ट आवरायचं काम वेस्टगेट करतो, आणि त्याची नळी निसटली तर बूस्ट वाढतच जातो.

समृद्धी महामार्गामुळे नागपुरात या सगळ्याला नवा जोर आला आहे. शिवमडक्यापासून शिर्डीपर्यंतचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि कारला १२० ची मुभा मिळाली. जुनी ८०० तिथे टर्बो लावून पळवावी असं वाटणं मी समजू शकतो, पण करू नये. शहरात बूस्ट दोन-चार सेकंद चढतो आणि उतरतो. महामार्गावर तो तासभर टिकतो आणि रेडिएटर, ऑइल, मॅनिफोल्ड, सगळं तापतच जातं. ८० वरून ११० वर गेलं की ब्रेकला थोपवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते, आणि साडेसहाशे किलोच्या त्या गाडीची १२ इंची चाकं, तिचे ब्रेक, तिचे शॉक चाळीस हॉर्सपॉवरच्या हिशोबाने बनलेले आहेत.

शेवटी कायदा. “सीसी बदलत नाही, मग आरटीओचा काय संबंध?” हे वाक्य मी फार ऐकतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही गोष्ट पुन्हा ठामपणे सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पीयूसी मिळाली म्हणजे बदलाला मंजुरी मिळाली असं होत नाही. ती चाचणी आयडलवरचा धूर मोजते. गिरीपेठेतलं आरटीओ कार्यालय धरमपेठेपासून हाकेच्या अंतरावर आहे. पाना उचलण्याआधी तिथे जाऊन लेखी विचारावं. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर दावा अडवू शकतो, आणि त्यात समोरच्या माणसाचंही नुकसान होतं.

म्हणून हा छंद करायचा तर रस्त्यावर न जाणाऱ्या इंजिनावर करावा. भंगारातलं एफ८बी स्टँडवर बसवून, किंवा बंद आवारात. अभियांत्रिकीच्या मुलांना तर फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांत टर्बोची रीतसर परवानगी असते. तिथे पेट्रोल इंजिनाला २० मिलिमीटरच्या भोकातूनच हवा घ्यावी लागते आणि तेवढ्यात टर्बो जुळवणं हे अस्सल इंजिनिअरिंग आहे.

आणि पोर्चमधल्या त्या ८००साठी आधी कॉम्प्रेशन गेज आणा. तिन्ही सिलिंडरांचे आकडे लिहा. त्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक निघाला, तर हरवलेला पिकअप तिथेच आहे. हेड उतरवून व्हॉल्व्ह ग्राइंड करणं, रिंगा, गरज पडली तर बोअरिंग, स्वच्छ रेडिएटर, नव्या पेट्रोलप्रमाणे जेट आणि नीट टायमिंग एवढ्यावर ती गाडी तिचे मूळचे चाळीसेक हॉर्सपॉवर परत देते, आणि नोंदणीपुस्तकात एक अक्षर बदलावं लागत नाही.