पत्र्याखालची दुपार

दुपारचे तीन. पत्र्याच्या खोलीत ऊन दिसत नाही, पण माथ्यावर बसतं. पंखा वरची गरम हवाच खाली लोटतो. शिलाई मशीनवरची बाई मधूनच उठून ओलं फडकं मानेवर टाकते. दिवेलागणीला पत्रा आकसत कडकड वाजतो, तेव्हा कुठे तो निवायला लागल्याचं कळतं.

२०५०पर्यंत जगातले ६८ टक्के लोक शहरांत राहतील, असा संयुक्त राष्ट्रांचा २०१८चा अंदाज आहे. ही वाढ मुख्यतः आशिया-आफ्रिकेतली. शहरात नव्याने आलेल्या कित्येकांच्या डोक्यावर आधी पत्राच येतो.

नवा जस्ताचा पत्रा चकाकतो, बरंच ऊन परतवतो. तरी तो तापतो, कारण निवायचं तर उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडावी लागते आणि उघडा धातू ती धरून ठेवतो. पुढे गंज-धूळ चढली की ऊनही जास्त शोषतो. पांढरा रंग दोन्ही कामं करतो: ऊन परतवतो, उष्णताही सोडतो.

मे २०१०मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. २०१३मध्ये शहराने उष्णता कृती आराखडा केला, २०१७पासून वस्त्यांतली छपरं पांढरी करायला घेतली. अशा छपराखाली खोली दोन ते पाच अंशांनी उतरू शकते. मुंबईच्या दमट हवेत मात्र वाफ रात्रीची उष्णता अडवते; तिथे रंगाच्या जोडीला समोरासमोर खिडक्या हव्यातच.

सोलापूर-मराठवाड्यातली माळवदं आठवतात? तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारचं ऊन आत झिरपेस्तोवर रात्र व्हायची. पण १९९३च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या त्याच जड घरांखाली हजारो माणसं गेली. हलका पत्रा ज्यांना भरवशाचा वाटला, त्यांना मी नावं ठेवणार नाही. प्रश्न पत्रा काढण्याचा नाही, तो निववण्याचा आहे.

साध्या चुन्याचा हात पावसात धुऊन जातो, चांगल्या रंगावरही धूळ बसते. भाडेकरू दुसऱ्याच्या छपरावर दरवर्षी खर्च कसा करणार? पावसाळ्याआधी नालेसफाई होते, तशी होळीआधी वस्त्यांतली छपरं रंगवण्याची तरतूद पालिकांच्या अंदाजपत्रकात हवी.