‘मुक्ता’ : जात आणि रंग एकाच उंबऱ्यावर

जब्बार पटेल म्हटलं की आपल्याला ‘सिंहासन’ आठवतो, ‘जैत रे जैत’ आठवतो आणि मामुट्टींचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ तर आठवतोच. त्यांचा १९९४ चा ‘मुक्ता’ मात्र जयंतीच्या कार्यक्रमातही कुणी लावत नाही. पवईत आम्ही काही जणांनी तो नुकताच एकत्र बसून पाहिला. बहुतेकांनी त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं.

मुक्ता (सोनाली कुलकर्णी) ही राजकारणात वजन असलेल्या मराठा घराण्यातली, अमेरिकेत वाढलेली मुलगी. आपली संस्कृती कळावी म्हणून आईवडील तिला इकडे आणतात. कॉलेजात तिची ओळख मिलिंद वाघ (अविनाश नारकर) या दलित कवी-कार्यकर्त्याशी होते आणि ती त्याच्यात गुंतते. इथवरची गोष्ट ओळखीची आहे. पण मग तिचा अमेरिकेतला मित्र ज्युलियन येतो, आणि तो कृष्णवर्णीय असतो. जातीवरून आखडणारं घर आता रंगावरूनही आखडतं.

चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा नर्गिस दत्त पुरस्कार मिळाला. जातीच्या प्रश्नावर ‘एकात्मते’चं लेबल लावणं सरकारला नेहमीच सोपं जातं, असो.

जात आणि वर्णद्वेष यांचं नातं आपल्या चळवळीला नवं नाही. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. हे नातं पत्रांतलं, सभांतलं. ‘मुक्ता’ ते घरात आणतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. नुसत्या सहभोजनाने जात मोडत नाही, आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच सांगितलं होतं. अमेरिकेत १९६७ पर्यंत सोळा राज्यांत गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला कायद्यानेच बंदी होती. लव्हिंग खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती मोडली. आपल्याकडे विशेष विवाह कायदा १९५४ पासून आहे. इथली बंदी घरचे लोक राखतात.

चित्रपट संपल्यावर एका ताईने विचारलं, “आपल्या घरात ज्युलियन चालेल का?” कुणीच पटकन बोललं नाही. जॉर्ज फ्लॉइडच्या वेळी आपण सगळ्यांनी पोस्टी टाकल्या होत्या. पण लोकलमध्ये आफ्रिकन विद्यार्थी दिसला की हसणाऱ्यांत आपलीही पोरं असतात. आपल्या वधू-वर बायोडाट्यांत ‘गोरी’ असतं, पोटजातही असते. जेईईची रँक विचारू नका, अशी सूचना पवईच्या आयआयटीने २०२३ मध्ये काढली, कारण रँकवरून प्रवर्ग ताडला जातो. बायोडाट्यासाठी अशी सूचना कोण काढणार?

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने घरातला एक बायोडाटा आणायचा, असं ठरलं आहे. नाव झाकून.