मुंबई ते नागपूर: विमानाने की समृद्धीने?

नकाशावर सरळ रेघ ओढली तर मुंबई-नागपूर अंतर साधारण 680 किमी. विमान दीड तासात पोचवतं; पण घर ते घर धरा, विमानतळावरची रांग, बॅगांची वाट पाहणं, सगळं मिळून पाच तास सहज जातात.

रस्त्याने पूर्वी सोळा तास लागायचे. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला: भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरपर्यंत 701 किमी, सुमारे आठ तास. इगतपुरीजवळच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाटाची वळणं टळतात. हा बोगदा तर बघायलाच हवा!

चौघं असाल तर गाडीच परवडते. मात्र निघण्याआधी टायर नक्की तपासून घ्या.