तेलाचं तिसरं तोंड

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत वेलींच्या दोन ओळींमधून सहज निघणारा वीस-पंचवीस एचपीचा छोटा ट्रॅक्टर नवा घेतला, की त्याला मागची लिफ्ट आणि फार तर एखादा जादा कपलर असतो. सुरुवातीला तेवढ्यावर भागतं. मग पलटी नांगर खुणावतो, ट्रॉली बसल्या जागी उलटावी असं वाटतं, कुणाला पुढे लोडर हवा असतो. ट्रॉलीच्या जॅकला एक पाईप पुरतो: तेलाने वर, वजनाने खाली. पलटी नांगराला मात्र दोन लागतात. तेव्हा जादा व्हॉल्व्ह बसवायचा विषय निघतो.

लिव्हर वाढले म्हणून ताकद वाढत नाही. लहान ट्रॅक्टरवर बहुधा गियर पंप असतो. इंजिन चालू आहे तोवर तो तेल ढकलतच राहतो, कुणी मागो न मागो. लिव्हर मधोमध असले की ते तेल व्हॉल्व्हमधून आरपार जाऊन परत टाकीत पडतं. हिशोब पाटाच्या पाण्याचाच. वरच्याने बारं धरलं की खालच्याने थांबायचं. नवा व्हॉल्व्ह लिफ्टच्या आधी जोडला, तर नांगर पलटेपर्यंत लिफ्ट हलत नाही. त्यात बिघाड शोधत बसू नये.

खरी गफलत होते ती जोडणीत. साध्या व्हॉल्व्हला एक तोंड पंपाकडचं, दुसरं टाकीकडचं. काही जण हे टाकीकडचं तोंडच पुढे लिफ्टला जोडून मोकळे होतात. रिकाम्या लिफ्टवर सगळं छान चालतं. अवजाराचं वजन आलं की दाब उलटा त्या तोंडात चढतो आणि ते तेवढ्या दाबासाठी केलेलंच नसतं. सील उडतं, कधी बॉडीच तडकते. म्हणून व्हॉल्व्ह ‘पॉवर बियाँड’चा घ्यायचा. त्याला पुढे दाबाचं तेल देणारं तिसरं तोंड असतं, आणि टाकीची लाईन वेगळी, थेट टाकीत. दुकानात दोन्ही व्हॉल्व्ह बाहेरून सारखेच दिसतात, तेव्हा विचारून घेतलेलं बरं.

लोडरच्या पाईपांच्या एकाच जोडीवर दोन कामं हवी असतील, तर बटणाने तेल इकडून तिकडे वळवणारा डायव्हर्टर स्वस्तात पडतो. दोन्ही कामं एकदम होणार नाहीत, एवढंच.

आकडे पाहा. ५० मिमी बोअरचा जॅक १५० बार दाबावर सुमारे ३ टन रेटतो. पंप मिनिटाला १८ लिटर देत असेल, तर दांडा सेकंदाला १५ सेंमी सरकतो. दांडा टोकाला पोचल्यावरही लिव्हर दाबून धरला, तर सगळं तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून किंचाळत जातं आणि साधारण ६ एचपी नुसत्या उष्णतेत जातात. चोवीस एचपीच्या ट्रॅक्टरला ही चैन परवडत नाही.

बऱ्याच ट्रॅक्टरांत हायड्रोलिकचं आणि गियरबॉक्सचं तेल एकच असतं. त्यामुळे न पुसता लावलेल्या कपलरवरची माती जॅकपुरती राहत नाही, गियरपर्यंत पोचते. आट्यांना गुंडाळलेल्या टेफ्लॉन टेपची चिंधीही व्हॉल्व्हच्या स्पूलमध्ये अडकते. मोठा जॅक जोडल्यावर तो पूर्ण लांबवून तेलाची पातळी पाहावी. कमी पडलं की पंप हवा ओढतो, तेल फेसाळतं आणि लिफ्ट धक्के देत वर जाते.

गळती शोधताना पाईपवर हात फिरवू नये, पुठ्ठा धरावा. सुईएवढ्या भोकातून उडणारी धार कातडी भेदून तेल आत घुसवते. वरून मुंगी चावल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, पण हात वाचवायचा तर त्याच तासाला दवाखाना गाठावा लागतो, आणि आत तेल शिरलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं लागतं.