आधी बैल पळू द्या

पहिलीपासून हिंदी असावी की नसावी, यावर महाराष्ट्र २०२५च्या एप्रिलपासून भांडला. २९ जूनला सरकारने त्याविषयीचे दोन्ही शासननिर्णय मागे घेतले, समिती नेमली आणि वाद तात्पुरता निवला. या गदारोळात जे तीन वर्षांचं पोर अजून एकाही भाषेत बोलत नाही, त्याची आठवण कुणाला झाली नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद भागात तर त्याचा पेच आणखी वेगळा. बंजारा तांड्यावर आजी गोरमाटी बोलते, अंगणवाडीत मराठी चालते आणि आईबापाचा डोळा कॉन्व्हेंटवर असतो. पोर बोलेना की निदानं तयारच असतात : बापही उशिराच बोलला होता, मोबाइलनं घात केला, दोन भाषांचा गोंधळ झाला. वेखंड चाटवून झालेलं असतंच.

यातलं दोन भाषांच्या गोंधळाचं निदान सर्वांत घातक, कारण ते शिकलेली माणसंही देतात. ‘घरात फक्त मराठी बोला’ असा सल्ला सर्रास मिळतो. दोन भाषा कानावर पडल्याने वाचा अडत नाही, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. उलट गोरमाटी बंद केली, की ज्या याडीच्या, म्हणजे आईच्या, कडेवर आणि आजीच्या मांडीवर पोराचा दिवस जातो, त्यांचंच तोंड बंद होतं. स्पीच थेरपीचा आराखडा मांडताना पहिला प्रश्न हवा तो हा : घरी या मुलाशी खेळतं कोण आणि कोणत्या बोलीत?

त्याआधी अर्थातच कान. टाळी वाजवली की वळून बघतो, एवढ्यावर समाधान मानू नये. श्रवणशक्ती थोडी कमी असलेलं मूलही वळतं. रीतसर तपासणी झाली की थेरपिस्टने जमिनीवर बसून मूल खेळतं कसं ते पाहायचं. दोन वर्षांपर्यंत साधारण पन्नास शब्द आणि दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते. पण तेवढीच मोजदाद पुरत नाही. हवी ती वस्तू बोटाने दाखवतं का, सांगितलेलं कळतं का, खोटा खोटा चहा पाजतं का, हेही तितकंच महत्त्वाचं. मग दोन-तीनच उद्दिष्टं धरायची. पालकांना रंगांची नावं आणि एबीसी हवी असते. माझं मत विचाराल तर सुरुवात ‘दे’, ‘ये’, ‘उघड’ यांनी करावी. या शब्दांनी मुलाचं काम होतं. ‘पर्पल’ म्हणून काय मिळणार?

आणि खेळणी? ‘स्पीच किट’ नावाने विकले जाणारे महागडे डबे पाहिले की मला तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल आठवतो. विदर्भात तो घराघरांत असतो. बैल उतारावर धरायचा, ‘पळ!’ म्हणत सोडायचा. असं चार-सहा वेळा झालं की बैल धरून गप्प बसायचं आणि मुलाकडे बघायचं. मोठ्यांना हे गप्प बसणंच जमत नाही. मुलाने नुसता आवाज काढला, हात हलवला, तरी बैल पळालाच पाहिजे. ‘बैल’ म्हणालं तर आपण म्हणायचं, ‘बैल पळाला’. ‘म्हण बघू’ हा हुकूम नको. पुढे बैल आला, गाय आली, वासरू आलं, असं व्याकरणही त्याच खेळात येतं. गोरमाटी घरात हेच सगळं गोरमाटीत.

यात नवं काही नाही. मॉन्ट्रियलमध्ये अयाला मॅनोल्सन यांनी १९७५ साली आईबापांनाच शिकवणारा हानेन कार्यक्रम सुरू केला. त्याच्याही आधी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडकांनी बोर्डीत काम मांडलं आणि आसपासच्या दगड-पानं-शिंपल्यांतून बालशिक्षणाचं सामान उभं केलं. ताराबाई थेरपिस्ट नव्हत्या, तरी किट विकणाऱ्यांनी त्यांना वाचायला हरकत नाही.

सरकारी व्यवस्था कागदावर नीटनेटकी आहे. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते, भाषाविकासातला विलंबही त्यात मोडतो. शंका आली की पुढची पाठवणी जिल्ह्याच्या ठिकाणी. पुसदहून यवतमाळ शंभरेक किलोमीटर. मजुरी बुडवून दर आठवड्याला कोण जाणार? म्हणून महिन्यातून एकच खेप जमणार असेल, तर ती मुलाला टेबलाशी बसवून चित्रं ओळखायला लावण्यात घालवू नये. आजीला सोबत न्यावं, तिला मुलाशी खेळायला लावावं, थेरपिस्टने तिचा खेळ पाहून एखादीच गोष्ट बदलायला सांगावी. तीन महिन्यांनी हिशेब घ्यायचा तो कुणी न विचारता मुलाने आपणहून किती शब्द वापरले याचा. कुणाच्या मागून म्हटलेले शब्द त्यात धरायचे नाहीत.