ईदची नानकटाई, तीन दिवसांची

सहेरीची भांडी घासून होतात न होतात तोच चाकणच्या पहिल्या शिफ्टची बस नाक्यावर येते. रमजानमध्ये पिंपरी-चिंचवडच्या कितीतरी घरांची पहाट अशीच होते. कुणी रोजा ठेवून मशीनवर उभे राहायला निघते, कुणी रात्रपाळी संपवून घरी येते, आणि संध्याकाळी इफ्तारचे ताट मांडणारे हातही दमलेलेच असतात. अशा शहरात ‘मी थकले’ म्हणणाऱ्या बाईकडे कोण लक्ष देणार? इथे थकलेले कोण नाही?

पण एक थकवा वेगळा असतो. रात्रभर झोपूनही तो उतरत नाही. डॉक्टर त्याला एमई किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात. अनेकांत तो एखाद्या विषाणूच्या आजारानंतर मागे लागतो. कोविडनंतरही पुष्कळांना असाच त्रास झाला. हा मनाचा खेळ नसून शरीराचा गंभीर आजार आहे, असे अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ च्या अहवालात स्पष्ट म्हटले. त्याची मुख्य खूण म्हणजे कामाची उधारी. आज झेपेल त्यापेक्षा जास्त केले तर अंग आजच पडेल असे नाही, उद्या किंवा परवा पडते, आणि मग आठवडाही जातो. रक्ताच्या एखाद्या तपासणीत तो पकडता येत नाही. आधी थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ अशी इतर कारणे डॉक्टरांकडून तपासून घ्यावी लागतात. खात्रीचे औषध अजून नाही. ‘व्यायाम वाढवत न्या’ हा जुना सल्लाही ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये मागे घेतला. दमायच्या आधी थांबा, हाच आताचा सल्ला आहे.

रोज्याच्या बाबतीत आजाऱ्याला मोकळीक आहे. कुरआनच्या सूरह अल-बकरामधील १८४ आणि १८५ या आयतींत आजारी व प्रवासी माणसाला राहिलेले रोजे पुढे इतर दिवशी पूर्ण करायची सवलत दिली आहे. ज्याचा आजार बरा होण्यातला नाही, तो प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला जेवू घालतो. त्याला फिद्या म्हणतात. या आजारात अनेकांना उभे राहिले की गरगरते आणि पाणी कमी पडले की ते वाढते, तेव्हा सवलतीची गरज खरीच असते. पण घरभर लगबग चालू असताना आपण तेवढे पलंगावर, ही बोच सवलतीने जात नाही. भजी तळायला उभे राहवत नाही. चपात्या लाटताना हात भरून येतात.

बेकिंग इथे कामाला येते. तळण सोडून जाता येत नाही. ओव्हनमध्ये ठेवलेला ट्रे मात्र आपला आपण भाजत राहतो. घड्याळ लावावे आणि तेवढा वेळ आडवे व्हावे. शिवाय हे काम तोडता येते. नानकटाईचेच बघा. पहिल्या दिवशी बसल्या बसल्या दोन वाट्या मैदा चाळायचा, त्यात चिमूटभर बेकिंग पावडर आणि वेलचीची पूड घालून डबा बंद. दुसऱ्या दिवशी वाटीभर तूप आणि वाटीभर पिठीसाखर. पूर्वी हे परातीत तळहाताने फेसायचे, खांदा दुखेपर्यंत. त्याचा हट्ट कशाला? छोटा बीटर घ्यावा, किंवा घरातल्या पोराला कामाला लावावे. पीठ मिसळून गोळा फ्रिजमध्ये. तिसऱ्या दिवशी गोळे वळायचे, वर पिस्त्याचा तुकडा दाबायचा आणि १६० अंशावर पंधरा-वीस मिनिटे भाजायचे. बाहेर काढताना नानकटाई मऊच लागते. कच्ची राहिली म्हणून परत भाजायला ठेवू नये, गार होताना ती खुसखुशीत होते. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कुकरमध्ये मीठ पसरून, शिटी आणि रबर काढून, मंद आचेवर होते. बंद डब्यात पंधरा दिवस टिकते, म्हणून ईदच्या आठवडाभर आधीच करून ठेवावी. चांदरातीला ओव्हन पेटवायचा नाही.

वेलची-तुपाचा वास घरभर पसरतो तेव्हा पलंगावरचे माणूस पुन्हा घरातले होते. सारखे दुसऱ्यांकडून पाणी, औषध, ताट घेणाऱ्याला काहीतरी देता येते. बाजारात विकत मिळत असताना करायचे कशाला, याचे उत्तर त्यात आहे.

पावाचेही तसेच. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या जिम लेही यांची न मळता करायच्या पावाची कृती गाजली. पीठ, पाणी, मीठ आणि पाव चमचा यीस्ट कालवून बारा ते अठरा तास झाकून ठेवायचे. मळायचे काम वेळ करतो. मूळ कृतीत तापलेले जड भांडे हाताळावे लागते, ते घरातल्या दुसऱ्या कुणी करावे.

अवघड आहे ते लोकांचे बोलणे. ‘दिवसभर झोपते आणि नानकटाई बरी करता येते!’ नानकटाई सगळ्यांना दिसते. तिच्यासाठी तीन दिवस राखून ठेवलेली ताकद कुणाला दिसत नाही. खरे तर घरी ओव्हन नव्हते तेव्हा सगळे एकट्याने करायची रीतच नव्हती. दिवाळी असो की ईद, मैदा-तूप-साखर घेऊन लोक बेकरीत जात आणि तिथल्या भट्टीत नानकटाई भाजून, डबे भरून घरी आणत. आजही जवळची बेकरी भाजून देत असेल तर खुशाल द्यावे.

ईदला शीरखुर्म्याच्या वाटीबरोबर शेजारी जी ताटली जाते, तिच्यात यातल्या चार-सहा नानकटाया असतात. दिवाळीत फराळाचे ताट आलेले असते, त्याचीच ही परतफेड. ताटली रिकामी परत करायची नाही, म्हणून शेजारच्या काकू त्यात निदान साखर तरी घालतात. फक्त ती परत करायला दुसऱ्याच दिवशी बेल वाजवू नये. ईदचे पाहुणे होऊन गेलेले असतात आणि आतली बाई बहुधा झोपलेली असते.