खेड्यांचा आवाज आणि सरकारी साहाय्य

महसूल खात्यांत लेखणी झिजवितांना आम्हीं पाहिलें कीं, तगाईनें बैल दावणीस येतो. कडबा मात्र येत नाहीं. सामुदायिक नभोवाणीची अवस्था आज तशीच आहे. १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें नभोलहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरविली. २००६ सालीं सेवाभावी संस्था व कृषि विज्ञान केंद्रें यांस परवाने खुले झाले, आणि २००८ सालीं सातारा जिल्ह्यांत म्हसवड येथें ‘माणदेशी तरंग’ बोलूं लागलें.

सरकारी साहाय्य मुख्यत्वें यंत्रसामग्रीसाठीं मिळतें. परंतु विजेचें देणें व निवेदिकेचें वेतन दरमहा कोठून यावें? २०२४ सालीं जाहिरातींची मर्यादा तासांत ७ मिनिटांवरून १२ मिनिटें झाली. सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांस ५२ रुपयांवरून ७४ झाला. हें ठीकच. पण त्याच दाण्यावर जगणारें केंद्र कालव्याचें पाणी न सुटल्यास मोकळेपणीं बोलेल काय?

म्हणून साहाय्य नियमानें बांधलेलें असावें, मर्जीनें नव्हे. आणि वाचकहो, सुगींत पायलीभर धान्याचें मोल आपणही द्यावें. ज्याचा दाणा, त्याचा आवाज.